तीमारदारी शिकावी लागते

असरची नमाज झाली की मोहल्ल्यातल्या घराघरांत कढई चढते. भजी, समोसे, कबाब... तळणीचा खमंग वास गल्लीभर पसरतो. रोजा सोडायला अजून तासभर असतो, पण दारात खेळणाऱ्या पोरांचं अर्धं लक्ष आतल्या आवाजाकडे लागलेलं असतं. या गल्लीतल्या एका घरात मात्र रमजानच्या दुसऱ्या आठवड्यापासून कढई चढलेली नाही. त्या घरची इफ्तारची भजी शेजारच्या काकू आपल्या गॅसवर तळतात, निवू देतात आणि घट्ट झाकणाच्या डब्यातून पाठवतात.

कारण आतल्या खोलीत अम्मी आहेत. वय बावन्न. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन दोन महिने होत आले आणि किमोथेरपीची दुसरी मात्रा घेऊन तीन दिवस. गरम तेलाचा वास नाकात गेला की त्यांच्या पोटात ढवळून येतं.

पहिल्या मात्रेनंतर हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सुनेनं मायेनं गरमागरम ताट समोर ठेवलं आणि अम्मींनी तोंड फिरवलं. सुनेला वाटलं, आपल्या हातचं आवडेना. मुलाला वाटलं, आईनं हिंमत सोडली. आठव्या दिवशी रक्त तपासायला गेल्यावर किमो वॉर्डातल्या सिस्टरांनी पाच मिनिटांत उलगडा केला. वासानं मळमळ वाढते. जेवण साधं, कोमट किंवा गार द्या, थोडं थोडं करून पाच-सहा वेळा द्या. उलटीवरची गोळी उलटी झाल्यावर देऊ नका, सांगितलेल्या वेळेला आधीच द्या. एवढंच. त्या दिवसापासून कढई काकूंच्या घरी गेली.

हे एका घराचं चित्र नाही. अनेक घरांतून दिसणाऱ्या गोष्टी इथं एका छपराखाली आणल्या आहेत. वाचणाऱ्याच्या गल्लीतही असं एखादं घर असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा २०२२ सालचा अंदाज असा, की भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं निष्पन्न झालं आणि सुमारे ९८ हजार जणी त्यानं दगावल्या. आपल्या देशातल्या स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच. यातल्या प्रत्येकीमागे एक घर असतं आणि त्या घराला एका दिवसात, कुठलीही तयारी नसताना, शुश्रूषेचं काम अंगावर घ्यावं लागतं.

उर्दूत हे काम करणाऱ्याला 'तीमारदार' म्हणतात. 'तीमार' हा फारसी शब्द, त्याचा अर्थ आजाऱ्याची देखभाल. मराठीत आपण 'शुश्रूषा' म्हणतो. या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ आहे 'ऐकण्याची इच्छा'. दोन्ही शब्द कानाला गोड आहेत, पण दोन्हींमागचं काम शिकल्याशिवाय येत नाही. आपल्याकडे समज असा, की माया असली की सेवा आपोआप जमते. प्रत्यक्षात या आजारात घरच्यांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका मायेपोटीच होतात.

एक दिवस रुग्णालयाचा, वीस दिवस घरचे

किमोथेरपीची मात्रा अनेकदा तीन आठवड्यांनी एकदा दिली जाते. म्हणजे एकवीस दिवसांतला एक दिवस रुग्ण रुग्णालयात असतो आणि वीस दिवस घरी. शस्त्रक्रियेनंतरही थोड्याच दिवसांत घरी सोडतात. डॉक्टर, सिस्टर, यंत्रं, औषधं हे सगळं त्या मोजक्या दिवसांसाठी. उरलेले दिवस सून, लेक, बहीण किंवा नवरा यांच्या भरवशावर जातात. औषधाचे परिणाम दिसू लागतात तेही याच दिवसांत, घरी.

म्हणून घरी सोडण्याच्या दिवशी फक्त बिल आणि गोळ्यांची पिशवी घेऊन निघू नये. एक वही घ्यावी आणि विचारावं: जखम कशी स्वच्छ ठेवायची? हाताचे व्यायाम कोणते, कधीपासून? कुठल्या गोळ्या कुठल्या वेळेला? कशाला घाबरायचं नाही आणि कशासाठी ताबडतोब यायचं? रात्री-बेरात्री फोन कुणाला करायचा? पुढची तारीख कोणती? उत्तरं तिथल्या तिथं लिहून घ्यावीत. 'समजलं' असं म्हणून उठलेला माणूस रिक्षात बसेपर्यंत अर्धं विसरलेला असतो.

नवव्या रोजाची सहेरी

या घरात अशी वही सुनेनं केली, तीही सिस्टरांच्या त्या पाच मिनिटांनंतर. पहिल्याच पानावर तिनं मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहिली: ताप १००.४ झाला तर वाट बघायची नाही.

रमजानचा चाँद दिसला त्या दिवशी अम्मींना किमोची पहिली मात्रा मिळाली होती. नवव्या रोजाच्या सहेरीला सून उठली, पाणी तापत ठेवलं आणि सवयीनं अम्मींच्या खोलीत डोकावली. अम्मी कुडकुडत होत्या. थर्मामीटरनं १०१ दाखवलं. अब्बा म्हणाले, "पॅरासिटामॉल दे बेटा, सकाळी बघू. एवढ्या पहाटे कोण डॉक्टर भेटणार?" सुनेनं वही पुढं केली. "नाही अब्बा, सकाळची वाट बघायची नाही असं सिस्टरांनी सांगितलंय. गोळी देऊन ताप झाकायचा नाही." शेजारच्या काकूंच्या मुलानं गाडी काढली. सुनेनं सहेरी केली ती गाडीत, दोन खजूर आणि पाण्यावर.

रुग्णालयात तपासलं तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली आल्या होत्या. लगेच शिरेतून प्रतिजैविकं सुरू झाली. चार दिवसांनी अम्मी घरी आल्या.

यामागचं कारण प्रत्येक तीमारदाराला माहीत हवं. किमोचं औषध वेगानं वाढणाऱ्या पेशींवर काम करतं. त्यात कर्करोगाच्या पेशी मरतात, पण केसांच्या मुळांतल्या, तोंडाच्या अस्तरातल्या आणि रक्त तयार करणाऱ्या पेशींनाही झळ बसते. मात्रेनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात साधा वाटणारा जंतुसंसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो, आणि सुरुवातीला दिसतो तो फक्त ताप. १००.४ फॅरेनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, हा आकडा म्हणूनच महत्त्वाचा. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो, संसर्ग तसाच राहतो आणि घरचे निर्धास्त होतात. दोनशे-तीनशे रुपयांचा थर्मामीटर या घरात सर्वांत मोलाची वस्तू ठरला.

हात हलवू नका, असं म्हणू नका

शस्त्रक्रियेनंतर अम्मी घरी आल्या तेव्हा त्यांच्या कुशीतून एक बारीक नळी बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचा दाबता येणारा फुगा होता. याला ड्रेन म्हणतात. जखमेत साचणारं पाणी त्यातून बाहेर येतं. फुग्यातला लाल द्रव बघून कॉलेजात जाणाऱ्या लेकीला चक्कर आली होती. पुढं तीच त्यात तरबेज झाली. हात साबणानं धुवायचे, फुगा मोजमापाच्या पेल्यात रिकामा करायचा, दाबून हवा काढून मगच झाकण लावायचं, म्हणजे ओढ कायम राहते. आकडा आणि वेळ वहीत. द्रव आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो, हे ठीक. एकाएकी ताजं रक्त आलं, पू किंवा दुर्गंध आला, जखमेभोवती लाली पसरली, तर फोन करायचा. चोवीस तासांतलं पाणी साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आलं की डॉक्टर नळी काढायचा विचार करतात. 'थोडंसंच येतं' या उत्तराचा त्यांना उपयोग नसतो, वहीतल्या आकड्याचा असतो.

घरात येणाऱ्या प्रत्येक खाला आणि चाचीनं मात्र एकच सल्ला दिला, हात अजिबात हलवू नका. हे मायेचं बोलणं, पण त्यानं नुकसान होतं. न हलवलेला खांदा आखडतो. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट सांगतील त्या क्रमानं आधी मूठ उघडणं-मिटणं, कोपर वाकवणं, मग केस विंचरणं, मग भिंतीवर बोटांनी वर चढत जाणं, असा हात हळूहळू मोकळा करायचा असतो. लेकीनं भिंतीवर पेन्सिलीनं रोज एक खूण करायला सुरुवात केली. अम्मींचं मोजमाप वेगळं होतं. नमाजेच्या तकबीरला हात खांद्यापर्यंत पोचतो का, हे त्या बघत. पंधरा दिवसांत पोचला.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका पुढं महिने, कधी वर्षंही राहतो. त्यामुळे त्या हाताला शक्यतो इंजेक्शन, रक्त काढणं, रक्तदाबाचा पट्टा नको. घट्ट बांगड्या नकोत, काच लागून जखम झाली तर संसर्ग होतो. भाजणं, कापणं, पाण्याची जड बादली उचलणं टाळावं. हात जड वाटू लागला, अंगठी किंवा बाही घट्ट व्हायला लागली, तर लगेच दाखवावं. ईदसाठी बाजारात मिळणारी काळी मेंदीही नको. तिच्यातल्या रसायनानं धडधाकट माणसाच्या कातडीलाही फोड येतात.

किमोनंतरचे पहिले दोन दिवस आणखी एक गोष्ट सांभाळायची. औषधाचा अंश उलटी आणि लघवीतून बाहेर पडतो. त्यामुळे साफसफाई करताना हातमोजे घालावेत, संडासात दोनदा पाणी सोडावं, खराब झालेले कपडे वेगळे धुवावेत. घरात गरोदर बाई असेल तर तिनं हे काम करू नये. मात्र आजार स्पर्शानं पसरत नाही. अम्मींच्या कपातून चहा प्यायला, नातवंडं मांडीवर बसली, तर काही होत नाही. पुढं यंत्रातून बाहेरून किरणोपचार दिले तरी अंगातून किरणं बाहेर येत नाहीत. किरणोपचारांच्या दिवसांत सांभाळायची ती कातडी: सुती सैल कपडे, न विचारता पावडर किंवा सुगंधी तेल नाही, आणि तंत्रज्ञानं शाईनं केलेल्या खुणा घासून काढायच्या नाहीत.

रोजा सोडून देण्याचं दुःख

अम्मींचं सर्वांत मोठं दुःख आजाराचं नव्हतं, रोज्यांचं होतं. वयाच्या दहाव्या वर्षापासून त्यांनी रोजे धरले होते. यंदा पहिल्याच दिवशी त्यांनी हट्टानं रोजा धरला आणि दुपारपर्यंत उलट्यांनी गळून गेल्या. किमोच्या दिवसांत शरीरातलं पाणी कमी होणं धोक्याचं असतं. मूत्रपिंडावर ताण येतो आणि औषधांच्या वेळाही चुकतात.

आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे, हे कुरआनच्या सूरह बकरहमध्ये स्पष्ट सांगितलं आहे. बरं झाल्यावर तेवढे दिवस भरून काढता येतात, त्याला कजा म्हणतात. ज्यांना पुढंही ते जमण्याची आशा नसते, त्यांच्यासाठी गरिबाला जेवू घालण्याचा फिदयाचा मार्ग आहे. डॉक्टर 'नको' म्हणाले तेव्हा अम्मींना ते पटलं नाही, मोहल्ल्यातल्या मौलानांनी तेच सांगितलं तेव्हा पटलं. तीमारदारानं इथं एक शिकायचं. आपल्या माणसाला कुणाचा शब्द ऐकावासा वाटतो, हे ओळखून त्या माणसाला मदतीला घ्यायचं. श्रावणातले सोमवार, एकादशी किंवा नवरात्राचे उपास वर्षानुवर्षं करणाऱ्या घरांतही हाच पेच पडतो आणि तिथंही हाच उपाय लागू पडतो.

आता अम्मी इफ्तारला दस्तरखानावर सर्वांसोबत बसतात. तोंड आलेलं असतं, म्हणून त्यांच्यासाठी ताक-भात, मऊ खिचडी, दूध, उकडलेलं अंडं असतं. दात घासायला मऊ ब्रश, आणि सांगितल्याप्रमाणे मीठ-पाण्याच्या गुळण्या.

बद्रच्या दिवशी मदिनेत

अब्बांचं मात्र तोवर एकच काम होतं, पैशांची सोय करणं आणि बाहेरच्या खोलीत बसणं. ड्रेन लेकीनं बघायचं, अंघोळ सुनेनं घालायची, रात्री उठायचंही सुनेनं. 'हे बायकांचं दुखणं' या तीन शब्दांत त्यांनी स्वतःला बाजूला केलं होतं. त्यात निर्दयपणा नव्हता, भीती होती. तीस वर्षांच्या बायकोच्या छातीवरची जखम बघायची हिंमत त्यांना होत नव्हती.

सतराव्या रोजाला मशिदीत बद्रच्या लढाईची आठवण काढली जाते. हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इसवी सन ६२४ मध्ये, रमजानच्या सतराव्या तारखेला ही लढाई झाली. इस्लामच्या इतिहासातली ही पहिली मोठी लढाई, आणि तिच्यात सामील झालेल्यांचा मान फार मोठा. पण हजरत उस्मान, जे पुढं तिसरे खलिफा झाले, त्या लढाईत नव्हते. त्यांच्या पत्नी हजरत रुकय्या, प्रेषित मुहंमद यांच्या कन्या, मदिनेत आजारी होत्या. त्यांच्यापाशी थांबण्याची आज्ञा उस्मानांना खुद्द प्रेषितांनी दिली. रुकय्या वाचल्या नाहीत. प्रेषित लढाईवरून परत येण्याआधीच त्यांचं निधन झालं. तरीही बद्रमध्ये लढलेल्यांना जो वाटा मिळाला तोच उस्मानांना मिळाला आणि पुण्यही तेवढंच असल्याचं सांगितलं गेलं.

अब्बांनी ही हकीकत लहानपणापासून ऐकलेली होती. त्या रात्री तरावीह करून ते घरी आले तेव्हा त्यांनी सुनेकडून थर्मामीटर मागून घेतला आणि बटण कुठलं दाबायचं ते विचारलं. दुसऱ्या दिवसापासून रात्रीची पाळी त्यांची झाली. किमोच्या दुसऱ्या मात्रेला अम्मींच्या शेजारच्या खुर्चीवर तेच बसले होते.

नवऱ्यानं शिकण्यासारखं अजून बरंच असतं. स्तन काढल्यावर बाईच्या मनात येतं ते ती सहसा बोलत नाही: आपण आता कशा दिसतो, नवरा काय म्हणेल. पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळतात, आणि उशीवर पडलेला केसांचा पुंजका तिला जखमेपेक्षा जास्त रडवतो. अशा वेळी 'केसांचं काय एवढं, परत येतील' हे वाक्य खरं असलं तरी उपयोगाचं नसतं. शेजारी बसणं, तिच्याकडे नेहमीसारखं बघणं, तिच्याशी घरातल्या साध्यासुध्या गोष्टी बोलणं उपयोगाचं असतं. स्तनाच्या जागी कपड्याआड वापरायची सिलिकॉनची किंवा कापसाची कृत्रिम उशी मिळते, हे अनेक घरांना माहीतही नसतं. कारण विचारायला लाज वाटते.

लाज आणि लपवाछपवी

लाजेनंच या घराचं आठ महिन्यांचं नुकसान केलं होतं. अंघोळ करताना हाताला गाठ लागली तेव्हा अम्मींनी कुणाला सांगितलं नाही. दुखत नव्हती, मग डॉक्टरला काय दाखवायचं? स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. स्तनात किंवा काखेत गाठ, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखा स्राव, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, यांतलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायला हवं. सुई लावली की आजार पसरतो, ही भीती खोटी आहे. सुईनं तुकडा काढून तपासल्याशिवाय नेमका उपचार ठरत नाही.

पुढची चूक घरच्यांची. निदान झाल्यावर अम्मींना 'साधी गाठ आहे' असं सांगितलं गेलं. त्यांना लिहिता-वाचता येतं, हे घरचे विसरले. रुग्णालयाच्या फाटकावरची पाटी त्यांनी पहिल्याच दिवशी वाचली आणि सगळे लपवताहेत म्हणजे आपण वाचणार नाही, असा अर्थ काढला. तीन आठवडे त्या एकट्याच हे ओझं वाहत होत्या. खरं सांगितल्यावर त्या रडल्या आणि मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "उपचार किती दिवस चालेल?" लवकर कळलेला हा आजार बरा होऊ शकतो, हे ऐकायला त्या पात्र होत्या. किती सांगायचं, कसं सांगायचं, हे डॉक्टरांच्या मदतीनं ठरवावं. पण जिचं शरीर आहे, तिला बाहेर बसवून निर्णय घेऊ नयेत.

भेटीला येणाऱ्यांसाठी

आजाऱ्याला भेटायला जाणं, इयादत, हे इस्लाममध्ये मोठ्या सवाबाचं काम मानलं जातं. आपल्या गावात सगळ्याच जातीधर्मांत ती रीत आहे. पण किमोच्या दिवसांत भेटीलाही शिस्त लागते. सर्दी-खोकला असेल तर फोनवर बोलावं. लहान मुलांचा गोतावळा नेऊ नये. दहा मिनिटांत उठावं. 'आमच्या ओळखीतली एक अशीच होती, सहा महिन्यांत गेली' ही हकीकत दाराबाहेर ठेवावी. जडीबुटीचा पत्ता देऊ नये. कुणी दिलाच, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नये. दुआ आणि दवा यांच्यात भांडण नाही, दोन्ही सोबत चालतात.

ईदच्या दिवशी गळाभेटींची रांग लागेल. अम्मींच्या दाराशी ती थांबवावी लागेल आणि त्यात कुणी मान-अपमान शोधू नये. त्याऐवजी काकूंसारखं काही करता येतं: एक वेळचा साधा डबा, मुलांना शाळेत सोडणं, रुग्णालयात सोबत, किंवा सून दोन तास झोपू शकेल म्हणून आजारी माणसापाशी बसणं. रमजानमध्ये अडीच टक्के जकात मोजताना गरजू रुग्णाचं घर आठवावं, आणि तिथं थोडा वेळही द्यावा.

पैशाची वाटही तीमारदारानं शिकून घ्यायची असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन उपचार सुरू होण्याआधीच त्यांना भेटावं. उपचारासाठी रेल्वेनं जाताना, रुग्णालयाच्या ठराविक दाखल्यावर, कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर वर्गात पूर्ण भाडं माफ असतं आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. मुंबईत टाटा रुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्या गोरगरिबांच्या मुक्कामाची सोय दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा करत आली आहे. तिथं एका पंगतीला बसणारे तीमारदार एकमेकांना विचारतात ते रक्ताच्या रिपोर्टबद्दल आणि पुढच्या तारखेबद्दल.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार

या घरातली सून पहिल्या पंधरा दिवसांत चार किलोनं उतरली. दिवसा रोजा, संध्याकाळी स्वयंपाक, रात्री दोन वेळा उठणं, पहाटे सहेरी. तिनं तक्रार केली नाही, आणि म्हणून कुणी विचारलंही नाही. हा आजार महिन्यांचा असतो. शस्त्रक्रिया, किमो, किरणोपचार मिळून बहुतेकदा सहा-आठ महिने जातात, आणि आजार हार्मोनवर वाढणारा असेल तर त्यानंतर पाच वर्षं किंवा जास्त काळ रोज एक गोळी असते. 'आता बरं वाटतंय' म्हणून ती गोळी मध्येच सोडून दिली जाऊ नये, हे बघणंही तीमारदाराचंच काम. एकट्या माणसाच्या जोरावर एवढा लांबचा रस्ता कापता येत नाही. आता वहीच्या शेवटच्या पानावर पाळ्या लिहिलेल्या आहेत. रात्र अब्बांची, औषधं मुलाची, व्यायाम लेकीचा, जेवण सुनेचं, आणि आठवड्यातली एक दुपार सुनेची स्वतःची.

असं शिक्षण देता येतं, याचे दाखले आपल्याच देशात आहेत. केरळमध्ये कोझिकोडला १९९३ साली वेदनाशमनासाठी काम करणारी संस्था उभी राहिली. पुढं मलप्पुरम आणि आसपासच्या भागांत शिक्षक, दुकानदार, गृहिणी, विद्यार्थी प्रशिक्षण घेऊन शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊ लागले. घरच्यांना कूस बदलायला, जखम धुवायला शिकवू लागले. २००८ साली केरळ सरकारनं त्यासाठी धोरणच जाहीर केलं. 'नूरा हेल्थ' ही संस्था सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांतच नातेवाइकांना गोळा करून घरी घ्यायच्या काळजीचे धडे देते. आपल्या गावातही मशिदीच्या आवारात, मंदिराच्या सभागृहात, महाविद्यालयात एखादी सिस्टर महिन्यातून एकदा तासभर बोलली, तर किती घरांची पहिली पंधरा दिवसांची चाचपड वाचेल! त्या तासाला पुरुषांनी पुढच्या रांगेत बसावं.

मगरिबची अजान होते. काकूंचा डबा उघडला जातो. अब्बा खजुराचे दोन तुकडे करतात, अर्धा स्वतः घेतात, अर्धा अम्मींच्या हातात देतात. सून विचारते, "अम्मी, भात आणू का?" लेक विचारते, "लिंबाचं सरबत?" अम्मी हात वर करतात. तो आता खांद्याच्याही वर जातो. "काही नको. दोघी जरा बसा माझ्याजवळ. मला बोलायचंय."

दोघी ताटं बाजूला सारून बसतात. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ त्यांना कुणी शिकवलेला नाही. त्या ऐकू लागतात.